कीडजाळीच्या बुडातलं ठिगळ

माझा दांडा दोनदा बदलला, तारेचं कडं एकदा आणि झोळी तर तीनदा. तरीही मित्रांनो, मी तीच जुनी कीडजाळी आहे. कोणी मला 'ही नवी आणली वाटतं?' असं म्हटलं की मला राग येतो. अहो, चोवीस वर्षं मी एकाच गव्हाच्या पट्टीत राबते आहे! ज्यांनी चोवीस वर्षं एकाच खुर्चीत काढली त्यांना तुम्ही नवे म्हणता का?

आधी एक गैरसमज दूर करते. फुलपाखरांमागे धावणारी रंगीत जाळी ती मी नव्हे. ती सुट्टीत हिंडायला जाते, मी कामाला जाते. एका शेतकी संशोधन केंद्राच्या भिंतीवर, खिडकीजवळच्या तिसऱ्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. गव्हाच्या शेतात कोणकोणते किडे आहेत आणि किती आहेत, हे मोजण्यासाठी माझा जन्म झाला.

तो झाला असा. केंद्रात किडे मोजायला एक बाई आहेत. त्यांचे यजमान सुतार. बाईंना केंद्रातून मिळालेली जाळी इतकी जड होती की दुसऱ्याच दिवशी त्यांचा खांदा धरला. यजमानांनी ती हातात घेतली, वर-खाली करून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हिने किडे नाही, म्हशी पकडतील." मग त्यांनी हलक्या लाकडाचा दांडा तासून, बाईंच्या मुठीच्या मापाने घासून गुळगुळीत केला. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी दाट विणीच्या पांढऱ्या सुती कापडाची झोळी शिवली आणि बुडाशी दुहेरी टीप मारली, आणि बाईंनी ती तारेच्या कड्यावर ओवली. माझ्यावर फक्त तीन माणसांचे हात फिरले, पण तिघांनीही काही हातचं राखून ठेवलं नाही. याचा मला अजून अभिमान आहे.

आता आमच्या पट्टीविषयी सांगते. केंद्रात गव्हाच्या बऱ्याच पट्ट्या आहेत. इतर पट्ट्यांत एक वर्ष गहू, एक वर्ष वाटाणा, असा पालट करतात. आमच्या पट्टीत मात्र दर वर्षी गहूच. थंडी सुरू होण्याआधी पेरायचा. कडाक्याच्या थंडीत तो बोटभर उंचीवर दबून बसतो, ऊन वाढलं की अंग झटकून उभा राहतो आणि भर उन्हाळ्यात कापणीला येतो. कापणी झाली की पुन्हा तिथेच गहू. औषधाचा एक थेंबही मारायचा नाही. असं वर्षानुवर्षं केलं तर किडी किती वाढतात आणि धान्याचा उतारा किती घटतो, हे त्या पट्टीला विचारायचं होतं. पट्टी काही बोलत नाही. तिच्या वतीने मी बोलायचं, असं ठरलं होतं.

मोजायची रीत अगदी ठरलेली. पट्टीत एक-एक पाऊल टाकायचं आणि पावलागणिक मला ओंब्यांवरून अर्ध्या गोलात झपकन फिरवायचं. असे शंभर झपके. बाई डाव्या खिशात गव्हाचे दहा दाणे ठेवायच्या आणि दर दहा झपक्यांनी एक दाणा उजव्या खिशात टाकायच्या. एकदा नव्वदाव्या झपक्याला कोणी हाक मारली आणि त्यांचा हिशेब चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून शंभर मारले. म्हणून सगळं केंद्र त्यांना शंभरबाई म्हणायला लागलं. बाई वरवर रागवायच्या, पण मला ठाऊक आहे, त्यांना ते नाव आवडायचं.

शंभर झपके झाले की माझी झोळी पांढऱ्या ताटात उलटी करायची, भिंग लावायचं आणि मोजून वहीत लिहायचं. वहीत दोन रकाने महत्त्वाचे. पहिला करवतमाशीचा. ही काळी-पिवळी सडपातळ माशी गव्हाच्या खोडात अंडं घालते. तिची अळी खोड आतून पोखरत खाली जाते आणि कापणीच्या तोंडावर ते बुडाशी करवतीने कापावं तसं कापते. भरलेली ओंबी मग मातीत लोळते. दुसरा रकाना मित्रकिडींचा. मित्रमाशी म्हणजे मुंगीहून बारीक, कंबर तर दिसत नाही इतकी. पण काय हिंमत! ती खोडाला बाहेरून नांगी टोचते, आतल्या अळीवर आपलं अंडं घालते आणि तिची पिल्लं त्या अळीचा फडशा पाडतात. करवतमाशीला आवर घालणारं शेतात दुसरं कोणी नाही.

सुरुवातीची काही वर्षं वाईटच गेली. करवतमाशा वाढत गेल्या, उतारा घसरत गेला. माझ्या झोळीत नुसती काळी-पिवळी गर्दी असायची. मग आठव्या-नवव्या वर्षापासून दुसऱ्या रकान्यात आकडे दिसू लागले. तीन, सात, बारा, तीस! उतारा घसरायचा थांबला. मोठा नाही, पण एका जागी टिकला. बाई त्या दिवसांत मला खुंटीला लावताना गुणगुणायच्या. बाहेरगावचे पाहुणे आले की मोठ्या साहेबांसमोर मला पुढे करून सांगायच्या, "हिने पकडलं हे सगळं." मी तर हवेत होते.

आणि मग ते ठिगळ आलं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मोजणीचे ऐन दिवस आणि मी काटेरी तारेत अडकले. बुडाशी मनगट जाईल एवढं भोक पडलं. शिंपीकाका नेमके लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेलेले. नवी झोळी हवी तर अर्ज करा, तीन सह्या आणा, पंधरा दिवस थांबा. दुसऱ्या पट्टीची जाळी मागावी तर तेही नाही. एका पट्टीतले किडे दुसऱ्या पट्टीत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक पट्टीची जाळी वेगळी, हा केंद्राचा कडक नियम. बाई घरी आल्या, इकडे-तिकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचा जाळीदार पांढरा पडदा त्यांनी कात्रीने टर्रकन कापला. यजमान चहाचा कप घेऊन उभेच राहिले.

"अगं, आता शेजारणीला आपला सगळा संसार दिसेल!"

"दिसू दे. तुम्ही भांडी घासताना दिसाल, तेवढीच तिच्या नवऱ्याला अक्कल येईल."

ठिगळ लावलं आणि इतकं सुबक लावलं की कोणाच्या लक्षातही येऊ नये. बाईंच्या तर आठवणीतूनही ते गेलं. माझ्या मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी शेतात मला कळलं. करवतमाशा अडकल्या, पण मित्रमाशा पडद्याच्या भोकांतून एकेक करून बाहेर पडल्या. माझ्या बुडातून त्या चालत गेल्या आणि मी हूं की चूं करू शकले नाही.

वहीत शून्य लागलं. पुढच्या आठवड्यात शून्य, त्याच्या पुढच्या आठवड्यातही शून्य. त्या वर्षी थंडीही जबर पडली होती, त्यामुळे सगळ्यांना कारण आयतंच मिळालं. शेजारच्या पालटाच्या पट्ट्यांत, दुसऱ्या जाळ्यांना मात्र मित्रकिडी सापडत होत्या. मग काय, अहवाल निघाला: गव्हावर गहू घेतला की मित्रकिडी कायमच्या नाहीशा होतात. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी तो वाचला आणि औषधाचे पंप बाहेर काढले. बाईंनी तो अहवाल लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं होतं. मला त्यांना ओरडून सांगायचं होतं, पण जाळीला तोंड असून जीभ नसते, हेच आमचं दुखणं.

फक्त ट्रॅक्टरवाले मामा अधूनमधून बोलायचे. "बाई, तुमच्या कागदावर गहू मरायला टेकलाय आणि माझ्या कापणीच्या यंत्रात तर बरा भरतोय. हे गौडबंगाल काय आहे?"

"मामा, एवढी वर्षं मोजतेय मी. आकडा म्हणजे आकडा," बाई म्हणायच्या. आणि विषय संपायचा.

गेल्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि पट्टीचा उतारा पडला. केंद्रात नवे साहेब आले होते. माणूस सरळ, पण घाईचा. कोणी बोलू लागलं की 'थोडक्यात सांगा' म्हणायचे. त्यांनी वही उघडली, सात वर्षांची शून्यं पाहिली आणि निर्णय दिला. "मित्रकिडी नाहीत, उतारा गेला. आता वाट कसली बघायची? यंदा पट्टीवर फवारणी करा. शनिवारी सकाळी."

बाईंचा चेहरा पडला. चोवीस वर्षं औषधाविना राखलेली पट्टी, आणि पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार. पण बोलणार कशाच्या जोरावर? साहेबांच्या हातातले आकडे बाईंचेच होते.

गुरुवारी माझ्या झोळीचा काठ उसवला. फवारणीआधीची शेवटची मोजणी तरी नीट व्हावी म्हणून बाई मला घेऊन शिंपीकाकांकडे गेल्या. काकांचं दुकान म्हणजे एक खिडकी, एक यंत्र आणि चिंध्यांचा डोंगर. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मला खिडकीच्या उजेडात धरलं.

"ताई, ही झोळी मी शिवली?"

"मग कोणी? तुमच्याशिवाय हिला कोणाचा हात लागलाय?"

"वरचं माझं. हे खालचं माझं नाही. अहो, हा तर पडदा आहे!" काकांना जणू कोणी शिवी दिली होती. "माझ्या दुकानातून असलं कापड गेलं असतं तर मी दुकानाला कुलूप लावलं असतं."

बाई हसायला लागल्या. "रागावू नका काका, ते मी लावलंय. तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा. टाके तरी बरे आहेत ना?"

"टाके झकास आहेत. पण कापड विरळ. हे बघा." त्यांनी ब्लाउजला लावायच्या बारीक मण्यांची डबी उघडली आणि चिमूटभर मणी माझ्या झोळीत टाकले. मणी सर्रकन गळून फरशीवर पसरले.

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्या खाली वाकल्या, एक मणी बोटाच्या टोकावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मित्रमाशी एवढीच असते. थोडी बारीकच.

"काका," त्यांनी हळू विचारलं, "तुम्ही लेकीकडे गेला होतात त्याला किती वर्षं झाली?"

"नात आता सात वर्षांची झाली की!"

बाईंनी मला ओढून घेतलं आणि ते ठिगळ उजेडात धरलं. आणि खरं सांगू? मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. सात वर्षं जे मला सांगता येत नव्हतं, ते चिमूटभर मण्यांनी सांगून टाकलं.

घरी आल्यावर बाईंनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि यजमानांना सगळं सांगितलं. ते नेहमीप्रमाणे थट्टा करणार होते, पण बाईंचे डोळे पाहून खुर्ची ओढून शेजारी बसले. मग म्हणाले, "हे बघ, कोणाला काय कळणार आहे? दाट झोळी लाव. पुढच्या वर्षी मित्रकिडी मिळाल्या की म्हण, परत आल्या. तू निवृत्त होतेस, विषय मिटला. उगाच सात वर्षांची अब्रू का घालवतेस?"

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही तो मार्ग बरा वाटला. बाईंना कोणी हसावं, हे मला सहन झालं नसतं.

बाईंनी माझं ठिगळ बोटांनी ताणून पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, पण परवा फवारणी आहे. औषध पडलं की पुढच्या वर्षी त्या येणार कुठून?" यजमान उठले, कपाटातून चपला काढल्या आणि म्हणाले, "चल. शिंप्याला उद्या संध्याकाळपर्यंत झोळी द्यायला लावू."

शनिवारी सकाळी पट्टीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. मागची टाकी औषधाने भरलेली. मामांनी नाकाला फडकं बांधलं होतं. साहेब हातात घड्याळ असल्यासारखे येरझारा घालत होते. बाई मला खांद्यावर घेऊन सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, फवारणी थांबवा."

"बाई, हे आपलं बोलून झालंय. थोडक्यात सांगा, काय आहे?"

"थोडक्यातच सांगते. माझे सात वर्षांचे आकडे चुकीचे आहेत."

मामांनी नाकावरचं फडकं खाली ओढलं. साहेब म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना? तो अहवाल तुमच्या नावाने निघालाय."

"म्हणून तर मी सांगतेय. दुसऱ्याने सांगायची वाट कशाला बघू?"

त्यांनी आधी जुनी, ठिगळाची झोळी माझ्या कड्याला बांधली आणि शंभर झपके मारले. ताटात करवतमाशा बावीस, मित्रकिडी शून्य. मग काकांनी शिवलेली दाट झोळी बांधली आणि शेजारच्या ओळींतून पुन्हा शंभर. त्या शंभर झपक्यांत मी काय देवाला साकडं घातलं, ते माझं मला माहीत. सात वर्षांत त्या खरोखरच निघून गेल्या असल्या तर? शेवटच्या दाण्याने खिसा बदलला. बाईंनी झोळी ताटावर उलटी केली.

पांढऱ्या ताटावर करवतमाशांच्या आजूबाजूला बारीक काळं काहीतरी तुरुतुरु पळत होतं.

साहेब गुडघ्यांवर बसले. भिंग त्यांनी बाईंच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. मोजलं, पुन्हा मोजलं. आणि पहिल्यांदाच ते थोडक्यात बोलायचं विसरले. "अडतीस! बाई, अडतीस आहेत! अहो, ही बघा, हिची नांगी दिसतेय, ही बघा, ही... कुठे होत्या या इतकी वर्षं?"

"इथेच होत्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

मामांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली. "म्हणजे मी आज यांच्यावर विष मारणार होतो? बरं झालं बाई. मला आधीपासूनच ते काही पटत नव्हतं."

दुपारी साहेबांच्या खोलीत वही उघडली गेली. सात वर्षांच्या रकान्यांवर काहीतरी शेरा लिहावाच लागणार होता. साहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, 'उपकरणातील दोष' असं लिहू. खोटं नाही आणि तुमचं नावही येत नाही."

उपकरण म्हणजे मी, मित्रांनो. मी खुर्चीला टेकून ऐकत होते. मला वाटलं, लिहा, खुशाल लिहा. सात वर्षं त्या माझ्याच बुडातून गेल्या. दोष माझाच आहे, आणि जाळीच्या बदनामीने कोणाचं काय बिघडतं?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाही साहेब. हिला काय कळतंय? हिला जसं शिवलं तशी ती वागली. ठिगळ मी लावलं आणि नंतर तपासलं नाही, ते मी." त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं: 'या सात वर्षांत मित्रकिडी नव्हत्या असं नाही. मी विरळ कापडातून मोजलं. चूक माझी आहे.' खाली पूर्ण सही केली. त्या सहीने माझ्या मनावरचं ओझं उतरलं. इतकी वर्षं मी स्वतःला जे बोल लावत होते, ते बाईंनी एका ओळीत माझ्यावरून काढून घेतले. कोणी आपल्यासाठी एवढं करतं तेव्हा काय म्हणायचं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं, पण एका दिवसात नाही. काही जण हसले. 'पडदा उघडला म्हणा की!' असंही कोणी तरी म्हणालं. बाईंनी ऐकून घेतलं आणि झपके मारत राहिल्या. शेतकऱ्यांना दुरुस्तीचं पत्र गेलं: आधी दाट जाळीने मोजा, मग पंपाला हात लावा. कापणीच्या वेळी साहेबांनी स्वतः बसून पट्टीतली खोडं चिरली. अळी सापडलेल्या दर दहा खोडांपैकी सहांत मित्रमाशीने ती आधीच संपवली होती. पट्टीचा उतारा काही आकाशाला भिडला नाही. पालटाच्या पट्टीहून तो कमीच होता आणि बाईंनी तेही तसंच लिहिलं. पण मागच्या वर्षी पडलेला उतारा पुन्हा सावरला होता, आणि तोही औषधाच्या थेंबाशिवाय. थंडीच्या तोंडावर तिथे पंचविसाव्यांदा गहू पेरला. सगळ्या ओळी नीट उगवल्या आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला सांभाळा' म्हणतात. मीही म्हणते, पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. मला लाडाने कपाटात ठेवू नका. कामाला लावा आणि मी कामाची आहे की नाही हे मधूनमधून तपासा. फाटले तर घाईने झाकू नका, माझं फाटणं उघड सांगा. यंदाच्याच मोजणीत, कापणीच्या थोडं आधी, कुंपणाजवळ माझी झोळी पुन्हा टरकली, ऐन साठाव्या झपक्याला. बाईंनी तिथेच थांबून दाणे खिशातून काढले, शेतात टाकले आणि वही उघडली. दोन्ही रकाने त्यांनी रिकामे ठेवले आणि त्यांच्यावरून आडवं लिहिलं: 'आज मोजलं नाही. जाळी फाटली आहे.' मग मला खांद्यावर टाकून त्या शिंपीकाकांच्या दुकानाकडे निघाल्या.